पंधराव्या दिवसानंतरची वर्षं: केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री महोदय,


मी दातांची डॉक्टर आहे. माझा दवाखाना मुंबईत, परळ-दादरच्या पट्ट्यात, टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाच्या जवळ आहे. त्यामुळे डोकं आणि मान या भागांच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेली माणसं माझ्याकडे सतत येत असतात. बहुतेकांचा कॅन्सर बरा झालेला असतो. त्यासाठी ती मनापासून डॉक्टरांना दुवा देत असतात. पण त्यांचे दात, कान, गळा यांची अवस्था वर्षागणिक खालावत जाते, आणि त्याचा खर्च उचलणारं कुणी नसतं.

आयुष्मान भारतातली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीहून सुरू झाली. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी तिने दिली. ज्या घरांनी एरवी जमीन विकली असती किंवा उपचारच सोडून दिले असते, त्या घरांतली माणसं योजनेच्या कार्डावर रेडिएशन पूर्ण करताना मी पाहिली आहेत. म्हणून हे पत्र योजनेविरुद्ध नाही. योजनेत दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतल्या तपासण्या व औषधं धरलेली आहेत. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला एवढं पुरतं. ज्या उपचाराचे परिणाम पाचव्या, दहाव्या, कधी पंधराव्या वर्षी वर येतात, त्याला हे पंधरा दिवस कसे पुरणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

बोलण्यासाठी मी मुद्दाम एक असा कॅन्सर घेते, जो महाराष्ट्रात फारसा दिसत नाही. तो आहे नासोफॅरिंक्सचा, म्हणजे नाकाची पोकळी मागे जिथे घशाला मिळते त्या जागेचा. जगात २०१८ साली त्याचे सुमारे १ लाख २९ हजार नवे रुग्ण निघाले आणि त्यांतले ७० टक्क्यांहून अधिक पूर्व आणि आग्नेय आशियातले होते. दक्षिण चीनमधला ग्वांगडाँग प्रांत आणि हाँगकाँग ही त्याची मुख्य ठिकाणं. एपस्टाइन-बार नावाचा विषाणू, घराण्यातून आलेला कल आणि लहानपणापासून खाल्लेली चिनी पद्धतीची खारवलेली मासळी यांचा त्यात हात असतो. मासळीवर पहिलं बोट ठेवणाऱ्यांत हाँगकाँगचे रेडिएशनतज्ज्ञ डॉ. जॉन हो होते. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती कॅन्सरला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली. आपल्या देशात हा आजार एकवटला आहे तो ईशान्येच्या डोंगरात: नागालँड, मणिपूर, मिझोराम. कोहिमा परिसरातलं प्रमाण देशात सर्वांत वरचं आहे. तिथले रुग्ण गुवाहाटीला जातात, आणि कित्येक जण तिथून पुढे लांबचा रेल्वेप्रवास करून मुंबई गाठतात. महाराष्ट्राचा या आजाराशी संबंध आहे तो हा.

हा कॅन्सर निवडण्याचं कारण वैद्यकीय आहे. त्याची जागा कवटीच्या तळाशी, मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्यांना आणि डोळ्यांच्या, जिभेच्या नसांना खेटून असते. तिथे सुरी घालणं सुरुवातीच्या उपचारात जवळजवळ नसतंच. रेडिएशन हाच मूळ उपचार, आणि सुदैवाने ही गाठ रेडिएशनला चांगली दाद देते. शिवाय हे रुग्ण म्हातारे नसतात. चाळिशी-पन्नाशीतले, काही तर कॉलेजातल्या वयाचे. म्हणजे बरा झालेला माणूस पुढे वीस-तीस वर्षं जगणार असतो, आणि उपचाराने जे मागे ठेवलं ते बरोबर घेऊन जगणार असतो. डोक्या-मानेच्या इतर कॅन्सरांत सर्जरी, तंबाखू, वय अशा अनेक गोष्टी मिसळलेल्या असतात. इथे रेडिएशनचं दीर्घकालीन रूप स्वच्छ दिसतं.

आधी यशाबद्दल, कारण ते खरोखर मोठं आहे. हाँगकाँगमध्ये १९७६ ते १९८५ या काळात उपचार घेतलेल्या ५,०३७ रुग्णांचा जो अभ्यास डॉ. ॲन ली यांच्या चमूने केला, त्यात दहा वर्षांनी ४३ टक्के हयात होते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत रेडिएशनला केमोची जोड दिल्यावर तीन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेलं. २०१९ साली दक्षिण चीनमधल्या ग्वांगजो शहरातल्या डॉक्टरांनी आधी दोन औषधांची केमो आणि मग केमो-रेडिएशन असा क्रम लावला, तेव्हा आजार जागच्या जागी बराच वाढलेल्या रुग्णांतही तीन वर्षांनी ९४.६ टक्के हयात होते. वीस-पंचवीस वर्षांत एवढी मजल फार थोड्या कॅन्सरांत मारली गेली आहे.

आता या यशाची दुसरी बाजू. रुग्ण सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवून टेबलावर पडून राहतो. ३३ ते ३५ वेळा मिळून सुमारे ७० ग्रे (हे रेडिएशनच्या मात्रेचं एकक) एवढा शेक गाठीला मिळतो. गाठीभोवती दोन्ही बाजूंच्या लाळग्रंथी असतात, जबड्याचे सांधे आणि चावण्याचे स्नायू असतात, कानाचा आतला भाग, मेंदूचा कानशिलामागचा हिस्सा, पिट्युटरी ग्रंथी, आणि खाली मानेत थायरॉइड आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या. किरण कितीही नेमके सोडले तरी यांतलं काही ना काही वाटेत येतंच.

मला रोज दिसतं ते तोंड. नागालँडमधले एक शिक्षक माझ्याकडे आले होते. रेडिएशन संपून काही वर्षं झालेली, कॅन्सरचा मागमूस नाही. मी तपासायचा आरसा गालाच्या आत घातला, तर तो गालाला चिकटून बसला आणि सोडवताना कातडीसकट ओढला गेला. लाळ नसलेल्या तोंडाची ही खूण प्रत्येक डेंटिस्ट ओळखतो. तोंड जेमतेम दोन बोटं आत जातील एवढं उघडत होतं. निरोगी माणसाची तीन बोटं सहज जातात. दातांना कीड लागली होती ती नेहमीसारखी दाढांच्या खाचांत नाही, तर हिरडीलगत, दाताच्या मानेभोवती कड्यासारखी, काळपट तपकिरी. असे दात वरून शाबूत दिसतात आणि एक दिवस भाताचा घास चावताना हिरडीपाशी कटकन तुटतात. त्यांचे पुढचे चार तसेच गेले होते. पाण्याची बाटली ते हातातून खाली ठेवत नव्हते, कारण तासभर वर्गात बोलायचं तर दर दोन-तीन वाक्यांनी घोट घ्यावा लागे. त्यांच्याकडची राजा मिरची सोडाच, साधी आमटीही तोंडाला झोंबत होती.

मी त्यांना विचारलं, रेडिएशनच्या आधी दात कुणी तपासले होते का? नव्हते. फ्लोराइडचा जेल रोज लावायला कुणी सांगितलं होतं का? नव्हतं. जिथे उपचार झाले तिथल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांच्यापुढे रांग केवढी असते हे मला माहीत आहे. पण नियम साधा आहे. वाचणार नाहीत असे दात रेडिएशनच्या दोन आठवडे तरी आधी काढून जखम भरू द्यायची. कारण शेक बसलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा आटतो आणि नंतर काढलेल्या दाताची जागा कित्येकदा भरतच नाही. हाड उघडं पडतं, सडतं, गालातून पू वाहू लागतो. हा धोका एक-दोन वर्षांत टळत नाही, तो जन्मभर राहतो. म्हणून या रुग्णाचा एकेक दात आम्हाला भरून, रूट कॅनाल करून वाचवावा लागतो. आणि नेमकी हीच कामं, कीड भरणं आणि रूट कॅनाल, रुग्णालयात भरती होण्याची गरज नसेल तर आपल्या योजनेत बसत नाहीत. तोच जबडा पुढे सडून कापावा लागला आणि पायाचं हाड आणून जोडावं लागलं, तर ती भरती होऊन करायची शस्त्रक्रिया असल्यामुळे योजनेच्या चौकटीत येऊ शकते. मंत्रिमहोदय, सरकारी तिजोरीच्या दृष्टीनेही हे उलटं आहे.

लाळेबद्दल आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. रेडिएशनचं नवं तंत्र, ज्यात किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करून ग्रंथी वाचवता येतात आणि ज्याला सगळे आयएमआरटी म्हणतात, ते हाँगकाँगमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ६० रुग्णांच्या चाचणीत जुन्या पद्धतीशी ताडून पाहिलं गेलं. एका वर्षाने डॉक्टरांच्या नजरेत तोंड अतिशय कोरडं ठरलेल्यांचं प्रमाण ८२.१ टक्क्यांवरून ३९.३ टक्क्यांवर आलं. आपल्या टाटा मेमोरियलनेही डोक्या-मानेच्या इतर कॅन्सरांसाठी अशीच ६० रुग्णांची चाचणी केली आणि २०१२ मध्ये मांडली. त्यात उपचारकाळात लाळग्रंथींना मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास झालेले ८९ टक्के होते, ते ५९ टक्क्यांवर आले. परंतु हाँगकाँगच्या त्या चाचणीत रुग्णांना स्वतःला विचारलं, तेव्हा कोरडेपणाच्या त्रासात दोन्ही गटांत ठळक फरक निघाला नाही. कानापुढच्या ग्रंथी वाचल्या, तरी जबड्याखालच्या आणि गालाओठांतल्या बारीक ग्रंथींचं नुकसान राहतंच. रुग्णाला विचारल्याशिवाय हे कळलं नसतं. आपल्या देशात बरे झालेल्यांना दहा वर्षांनी असं कोण विचारतं?

तोंडाच्या पलीकडचं नुकसान जास्त गंभीर असतं आणि ते जास्त उशिरा येतं. कधी कधी मी रुग्णाला जीभ बाहेर काढायला सांगते आणि ती एका बाजूला वळते. त्या बाजूची जीभ सुकून सुरकुतलेली असते आणि तिच्यावर बारीक थरथर चाललेली दिसते. जिभेची नस शेकाने घट्ट झालेल्या ऊतींत आवळत गेल्याचं ते लक्षण असतं. रेडिएशनला दहा वर्षं होऊन गेल्यावरही हे सुरू होऊ शकतं. तेव्हा कॅन्सर परत आला की काय हे आधी तपासावं लागतं, आणि त्या तपासणीचे दिवस घरच्यांसाठी फार वाईट असतात. घशाच्या स्नायूंचंही तसंच होतं. घास खाली न उतरता थोडा श्वासनलिकेत जातो, आणि संवेदनाच मेलेली असल्यामुळे ठसकासुद्धा लागत नाही. घरच्यांना वाटतं, जेवतोय ठीक. मग वारंवार न्यूमोनिया होतो आणि त्याला म्हातारपणाचं नाव दिलं जातं.

कानाचं म्हणाल तर रेडिएशन आणि सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, दोन्ही मिळून ऐकू येणं कमी करतात. थायरॉइड मंदावते, अंगात सुस्ती येते, वजन वाढतं, मन उदास राहतं, आणि हे सगळं कॅन्सरच्या धक्क्याच्या खाती टाकलं जातं. खरं तर एक साधी टीएसएच तपासणी आणि रोजची एक स्वस्त गोळी यांवर ते सावरतं. पिट्युटरीला इजा झाली असेल तर शरीर आजारपणाच्या ताणात कोसळू शकतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. मानेतल्या धमन्या अरुंद होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि सगळ्यांत दुःखद म्हणजे मेंदूच्या कानशिलामागच्या हिश्शाची पेशीमृत्यूने होणारी हानी. कर्ता माणूस विसरू लागतो, चिडचिडा होतो, एखाद्या दिवशी फिट येते. हाँगकाँगच्या जुन्या अनुभवातून एक गोष्ट पक्की झाली: दर वेळच्या शेकाची मात्रा मोठी असेल तर ही हानी जास्त होते. म्हणजे फेऱ्या कमी केल्या की त्याची किंमत पुढे मेंदूला मोजावी लागते. या हानीवर आता काही उपाय आहे. ग्वांगजोतल्या चाचणीत बेव्हॅसिझुमॅब हे औषध स्टेरॉइडपेक्षा दुपटीने जास्त रुग्णांना लागू पडलं. पण त्यासाठी एमआरआय वेळेवर व्हायला हवा, आणि एमआरआय करायला आधी कुणीतरी त्या विसरभोळेपणाची दखल घ्यायला हवी.

हे सगळं अटळ आहे असं समजून मी लिहीत नाही. उलट ग्वांगजो आणि आसपासच्या डॉक्टरांनी गेल्या काही वर्षांत जे केलं त्यामुळे मला हुरूप येतो. त्यांच्याकडे रुग्ण भरपूर, बरे होणारे भरपूर, म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: कमी शेकात तेवढंच यश मिळेल का? मानेत आजार फारसा नसलेल्या ४४६ रुग्णांत त्यांनी अख्ख्या मानेऐवजी, निरोगी बाजूला, फक्त वरच्या मानेला शेक देऊन पाहिला. २०२२ साली निकाल आला. तीन वर्षांनी मानेत आजार न उलटलेल्यांचं प्रमाण ९७.७ आणि ९६.३ टक्के, म्हणजे बरोबरीचं. गिळण्याचा त्रास मात्र ३२ टक्क्यांऐवजी १७ टक्क्यांना आणि थायरॉइड मंदावणं ३९ टक्क्यांऐवजी ३० टक्क्यांना. बरे झालेल्या माणसांचं पुढे काय होतं हे वर्षानुवर्षं मोजलं, म्हणूनच हा प्रश्न सुचला आणि उत्तरही मिळालं.

पाठपुरावा हवा तो केवळ त्रास कमी करण्यासाठी नव्हे. आजार उलटला तर तो लहान असताना सापडणं फार मोलाचं असतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत, त्याच जागी उलटलेला पण आटोक्यातला कॅन्सर दुर्बिणीतून नाकावाटे काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८५.८ टक्के हयात होते, पुन्हा रेडिएशन दिलेल्यांपैकी ६८ टक्के. दुसऱ्यांदा शेक बसलेल्या जागी ऊती झडून जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. गाठ मोठी होईपर्यंत कळलंच नाही, तर दुर्बिणीचा मार्ग बंद होतो. कोहिमाजवळच्या खेड्यातला माणूस दर सहा महिन्यांनी स्वतःच्या पैशाने गुवाहाटी किंवा मुंबई गाठून दुर्बिणीची तपासणी करील, अशी अपेक्षा कशी धरायची?

यंत्रांबद्दल थोडंच लिहिते. आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेल्या भाभाट्रॉन या कोबाल्टच्या रेडिएशन-यंत्राचा मला अभिमान आहे. कोबाल्टच्या यंत्रांनी या देशात असंख्य जीव वाचवले आहेत. पण लाळग्रंथी, कान आणि मेंदू चुकवत गाठीला शेक द्यायचा असेल तर लिनॅक हे विजेवर चालणारं रेडिएशनचं यंत्र आणि ते चालवणारे भौतिकतज्ज्ञ लागतात. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्याच केंद्रात, आता प्रोटॉन किरणांची सोयही झाली आहे, हे चांगलंच आहे. तरी माझी विनंती अशी की नासोफॅरिंक्सचा रुग्ण जिथे राहतो त्या राज्यांत चांगली आयएमआरटी आधी पोचावी.

आणि आता मागणी. रेडिएशनचं पॅकेज रेडिएशनपाशी संपू नये. त्यालाच जोडून, भरती न होता मिळणारं, निदान दहा वर्षांचं पाठपुरावा-पॅकेज असावं. सुरुवात शेकाच्या आधी दात तपासण्यापासून व्हावी, आणि डेंटिस्टच्या सहीशिवाय, तातडीची निकड सोडून, मास्कचं माप घेतलं जाऊ नये. नंतर फ्लोराइडचा जेल, कीड भरणं, रूट कॅनाल, वर्षातून एकदा थायरॉइडची आणि कानाची तपासणी, नाकातून दुर्बीण, गिळण्याच्या व्यायामासाठी थेरपिस्ट, लागेल तेव्हा एमआरआय आणि श्रवणयंत्र. यांतल्या बहुतेक गोष्टी जिल्हा रुग्णालयात होऊ शकतात. कल्पना नवी नाही. आमच्या महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ९७१ उपचारांबरोबर १२१ पाठपुरावा-पॅकेजेस ठेवलेली होती. म्हणजे भरती संपल्यावरही रुग्णाची जबाबदारी घेता येते, हे सरकारी चौकटीत करून दाखवलेलं आहे.

या पाठपुराव्यात जे दिसेल त्याची नोंद ठेवावी. २०१२ साली उभं राहिलेलं नॅशनल कॅन्सर ग्रिड देशभरातल्या शेकडो रुग्णालयांना जोडतं. रेडिएशन संपल्यानंतर पाचव्या आणि दहाव्या वर्षी तोंड किती उघडतं, पाण्याशिवाय जेवता येतं का, टेलिफोनवरचं बोलणं ऐकू येतं का, माणूस कामावर परतला का, असे दहा-बारा प्रश्न रुग्णालाच विचारून त्या जाळ्यात साठवता येतील. आपल्याकडे तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणारे किती प्रचंड संख्येने आहेत हे आपण जाणता. त्यांनाही हेच त्रास होतात. नागालँडच्या रुग्णासाठी केलेली सोय सोलापूरच्या, नांदेडच्या रुग्णालाही लगेच उपयोगी पडेल.

योजनेची पॅकेजेस सुधारण्यासाठी तज्ज्ञांच्या बैठका होतात. पुढच्या वेळी रेडिएशनचा विषय निघेल तेव्हा त्या टेबलाशी कॅन्सरतज्ज्ञांबरोबर एक डेंटिस्ट, गिळण्याचे व्यायाम शिकवणारी एक थेरपिस्ट, आणि उपचार संपून दहा वर्षं झालेले दोन-तीन रुग्ण बसवा. त्यांतला एक तरी ईशान्येचा असू द्या, आणि त्याचा प्रवासखर्च मंत्रालयाने द्यावा. मला बोलावलंत तर दवाखाना बंद ठेवून येईन.

आपली,
परळ-दादर भागातली एक डेंटिस्ट
मुंबई